सकाळी पॅनेल, रात्री फायनल

१८ डिसेंबर २०२२चा रविवार आठवतोय? राज्यातल्या ७,७५१ ग्रामपंचायतींच्या निवडणुकीचं मतदान त्याच दिवशी होतं, त्यात आपल्या बारामती-इंदापूरकडचीही गावं. साडेपाचला मतदान बंद, साडेआठला कतारच्या लुसेलमध्ये फुटबॉल विश्वचषकाची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स! बोटावरची शाई तशीच, आणि पुन्हा बाजू निवडायची.

फायनलआधीचं खरं राजकारण मात्र ब्राझीलवाल्यांचं. त्यांचा संघ ९ तारखेलाच क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरून घरी गेलेला. आता जन्माचा वैरी अर्जेंटिना चषक उचलणार हे कसं बघवणार? मग चला फ्रान्सच्या गोटात. पडलेल्या गटाची मतं कुठं वळतात, हे आपल्या तालुक्यांत कुणाला शिकवायला नको! कोल्हापुरात हे ब्राझील-अर्जेंटिना वैर चौकाचौकांतल्या फलकांवर रंगतं. आपला पट्टा पडला क्रिकेट-कुस्तीचा, त्यामुळं इथली खुन्नस बहुतेक व्हॉट्सॲप स्टेटसवरच.

हिशेब जुनाही होता. २०१८च्या विश्वचषकात कझानला फ्रान्सनं अर्जेंटिनाला ४-३ असं बाहेर काढलं, त्यात एम्बापेचे दोन गोल. शिवाय अर्जेंटिनाचा चषक १९८६नंतर आलाच नव्हता आणि मेस्सी पस्तिशीत. माझं मत? एवढा मसाला असलेली फायनल क्वचितच मिळते.

निकाल माहितीच आहे: ३-३, मग पेनल्टीवर ४-२ अर्जेंटिना. एम्बापेची हॅटट्रिक पाण्यात गेली.

गावांची मतमोजणी मंगळवारी, २० तारखेला. योगायोग बघा, त्याच दिवशी एम्बापेचा चोविसावा वाढदिवस!