चूल निराळी, आड एकच

गेल्या मे महिन्यांत आम्ही साताऱ्यास बहिणीकडे गेलों असतां तिच्या घरीं एक चमत्कारिक भांडण चाललेलें पाहिलें. आमची भाची अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. तिनें व सांगलीस शिकणाऱ्या तिच्या एका मैत्रिणीनें मिळून मराठी शब्दसंग्रहाची एक लहानशी आज्ञावली रचली होती. शब्द घालावे आणि आज्ञावलीनें ते वर्णानुक्रमानें लावून द्यावे, एवढेंच तिचें काम. साताऱ्यास ती ‘कमळ, जहाज, हळद, क्षमा, ज्ञान’ असा क्रम लावी. सांगलीस तीच आज्ञावली ‘कमळ, क्षमा, जहाज, ज्ञान, हळद’ असा लावी. क्ष आणि ज्ञ हीं मुळाक्षरांत शेवटीं येतात हें पहिलीच्या मुलास ठाऊक असतें. सांगलीच्या यंत्रास तें ठाऊक नव्हतें.

“अगं, माझ्याकडे बरोबर चालतंय!” असें ही दूरध्वनीवर सांगे. “माझ्याकडे नाही चालत, त्याला मी काय करू?” असें तिकडून उत्तर येई. दोघीहि खरें बोलत होत्या, म्हणूनच भांडण मिटत नव्हतें.

कारण दोन दिवसांनीं सांपडलें. संगणकास अक्षरें आंकड्यांच्या रूपानें दिसतात. युनिकोडच्या हिशेबीं क्ष हें स्वतंत्र अक्षर नसून क, हलन्त आणि ष अशी ती जोडणी आहे; तेव्हां नुसत्या आंकड्यांवर विसंबलें तर ‘क्षमा’ हा शब्द क च्याच घरांत जाऊन बसतो. मराठीचा खरा क्रम ‘आयसीयू’ नांवाच्या एका मुक्त संग्रहास ठाऊक आहे. तो संग्रह साताऱ्याच्या यंत्रावर पूर्वीं कधीं तरी भलत्याच कामासाठीं बसविलेला होता व भाची तें विसरलीहि होती. सांगलीस तो नव्हताच. आणि आज्ञावली अशी भिडस्त, कीं संग्रह न मिळाल्यास चकार शब्द न काढतां आंकड्यांप्रमाणें शब्द लावून मोकळी होई.

मुक्त आज्ञावलींची संहिता सर्वांस खुली असते. कोणींहि वाचावी, सुधारावी व सुधारलेली परत द्यावी. परंतु एक ओळ सुधारूं पाहणाऱ्या नवख्याचा पहिला आठवडा ती आज्ञावली आपल्या यंत्रावर उभी करण्यांतच जातो. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयांत (स्थापना १९४७) लिनक्सप्रेमी विद्यार्थ्यांचें ‘वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप’ नांवाचें मंडळ आहे. तसें मंडळ शेजारीं असेल तर विचारतां येतें. एकट्यानें घरीं बसून धडपडणाऱ्यानें काय करावें? “मामा, मी हे सोडूनच देणार होते,” असें भाची आम्हांस म्हणाली, तेव्हां ती विनोद करीत नव्हती.

उपाय निघाला तो कंटेनरचा. हें नांव जहाजावरील पेट्यांवरून आलें. १९५६ च्या एप्रिलांत ‘आयडियल एक्स’ हें जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेंत नेवार्कहून ह्यूस्टनला गेलें, तेव्हांपासून माल सुटा न हाताळतां पेटीसकट हालविण्याची रीत रूढ होत गेली. संगणकांतहि तसेंच: आज्ञावली एकटी न पाठवितां तिला लागणारे संग्रह, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या व मांडणी यांसह पाठवावयाची. या कल्पनेचें मूळ १९७९ च्या युनिक्समध्यें दाखवितात; सर्वसामान्यांच्या हातीं ती आली २०१३ सालीं ‘डॉकर’ प्रसिद्ध झाल्यावर.

वाड्यांत राहिलेल्या वाचकांस ही व्यवस्था चटकन् समजेल. वाडा एक, बिऱ्हाडें चार. प्रत्येकाची चूल, फडताळ व दाराची कडी निराळी, पण आड एकच. लिनक्सचा गाभा हा तो आड. प्रत्येक कंटेनरास आपण एकटेच राहतों असें वाटतें, आणि कोणीं किती पाणी ओढावें याचीहि मर्यादा घालतां येते. संगणकाच्या पोटांत दुसरा सबंध संगणक उभा करण्याची रीतहि आहे, परंतु ती म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडासाठीं नवा वाडा बांधून नवा आड खणणें होय. भाचीच्या चार जीबी स्मृतीच्या यंत्रास तें कोठून झेपणार? (विंडोजवर लिनक्सचा आड मुळांत नसल्यानें तेथें मात्र एक लहानसा खणावाच लागतो.)

हें बिऱ्हाड कसें मांडावें तें एका साध्या फाइलींत लिहितात: कोणत्या मूळ इमेजीवर उभारावयाचें, कोणते संग्रह बसवावयाचे, संहिता कोठें ठेवावयाची, शेवटीं काय चालवावयाचें. आमच्या बहिणीनें तें ऐकून फळीवरचें ‘रुचिरा’ काढलें. कमलाबाई ओगल्यांचें हें पुस्तक १९७० सालीं निघालें, आणि अंदाजानें घालण्याचे जिन्नस त्यांनीं वाटी-चमच्यांनीं मोजून दिले म्हणून तें घरोघर गेलें. उपमा अगदीं चपखल होती. पहिल्या खेपेस मुलींनीं इमेजीची आवृत्ति न देतां नुसतें ‘लेटेस्ट’ लिहिलें होतें. तें ‘मीठ चवीपुरतें’ म्हणण्यापैकींच. आजचें लेटेस्ट सहा महिन्यांनीं तेंच राहत नाहीं. आंकडा घातला, आयसीयूची ओळ घातली, आणि फाइल सांगलीस रवाना झाली. मोठीं कामेंहि याच वाटेनें चालतात. १ मे २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर उभा आहे, तिच्या संहितेबरोबरच अशी मांडणीची फाइल दिलेली असते.

मध्यंतरीं एक अपघात झाला. भाचीनें सकाळभर बसून तीनशें शब्द घातले ते कंटेनरच्या आंत, आणि दुपारीं स्वच्छ आरंभ करावा म्हणून कंटेनरच काढून टाकला. शब्द गेले. बिऱ्हाड उठलें कीं आंतलें सामान उठतें. टिकावयाचें तें बाहेरच्या फोल्डरांत ठेवून आंत जोडून द्यावें लागतें. चांचणीस मात्र हाच दुर्गुण उपयोगी पडतो, कारण दर वेळीं कोऱ्या घरांतून सुरुवात होते व ‘पूर्वीं कधीं तरी बसविलेलें’ कांहीं मदतीस येत नाहीं. कंटेनर म्हणजे तिजोरी, असाहि कोणीं समज करून घेऊं नये. आड एकच असल्यानें अनोळखी माणसाची इमेज डोळे मिटून चालविणें धोक्याचें असतें.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळीं सांगलीहून फोन आला. पांचहि शब्द तेथेंहि साताऱ्याच्याच क्रमानें लागले होते. मग मैत्रिणीनें ‘दऱ्या’ हा शब्द घातला. त्यांतला आंखूड र दोन रीतींनीं टंकितां येतो, दिसतो एकसारखा, आंकडे मात्र निराळे. आज्ञावलीनें एकच ‘दऱ्या’ दोन शब्द समजून दोनदां मांडला. भाचीनें इकडे तसेंच करून पाहिलें.

“माझ्याकडेही चुकतंय गं!” ती ओरडली, आणि दोघी हंसूं लागल्या.