उतारवयातले नवे बिऱ्हाड



आंब्याचे कलम रोपवाटिकेतून आणताना आपण सर्वांत जास्त काय जपतो? मुळांभोवतीची मातीची हुंडी. हुंडी फुटली, की कलम कितीही जोमदार असो, नव्या खड्ड्यात ते लवकर जीव धरीत नाही. माणसाचेही तसेच आहे, आणि उतारवयात तर फारच.

हे लिहिण्यास कारण असे, की हल्ली खेड्यांतूनही पुण्याच्या ज्येष्ठांच्या वसाहतींत राहायला जाणारी जोडपी दिसू लागली आहेत. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, कुणी माजी सैनिक. मुलगा शहरात दोन खोल्यांत, मुलगी परगावी, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला घरात माणूस नाही. अशी मंडळी निघाली, की पारावर कुजबूज सुरू होते, "पोरांनी म्हाताऱ्यांना आश्रमात टाकले!" कधी ते खरे असते, पुष्कळदा नसते. म्हणून आधी दोन्हींतला फरक समजून घेऊ.

आश्रम वेगळा, वसाहत वेगळी

वृद्धाश्रम पुण्याला नवीन नाहीत. नव्या पेठेतील 'निवारा' ही संस्था डेव्हिड ससून यांच्या दानातून एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. ज्याला कुणी नाही, त्याला आसरा देणे हा अशा संस्थांचा मूळ हेतू.

ज्येष्ठांची वसाहत ही निराळी गोष्ट. परांजपे स्कीम्स या पुण्यातील बांधकाम कंपनीने या शतकाच्या सुरुवातीपासून 'अथश्री' नावाने पाषाण, बावधन, बाणेर अशा भागांत अशा वसाहती बांधल्या. इथे माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या कुलपाआड राहतो. न्हाणीघरात धरायला दांडी, न घसरणारी फरशी, अडचणीत दाबायला घंटी, सामाईक भोजनगृह अशा सोयी असतात. २०२४ साली महारेराने ज्येष्ठांच्या घरांसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यांत लिफ्ट, चाकाच्या खुर्चीला उतार, रुंद दरवाजे या गोष्टी सांगितल्या आहेत. घर पाहायला जाल, तेव्हा भिंतींचा रंग पाहण्याआधी या गोष्टी पाहा.

जाण्यापूर्वी

पहिली गोष्ट म्हणजे निर्णय ज्याचा त्याने घेतलेला असावा. मुलांनी ठरवले आणि आई-बापांनी मान डोलावली, असे झाले तर ते बिऱ्हाड रुजत नाही. ऐन उन्हाळ्यात आपण लागवड करीत नाही. तसेच जोडीदार नुकताच गेला असेल, तर त्या दुःखाच्या भरात घर मोडू नये. शक्य असल्यास आधी महिनाभर भाड्याने राहून पाहावे.

पैशाचे प्रश्न स्पष्ट विचारावेत. दरमहा देखभाल खर्च किती, तो दरवर्षी किती वाढतो? दोघांपैकी एक गेल्यावर दुसऱ्याचे काय? अंथरुणाला खिळल्यास सेवा मिळते, की घर सोडावे लागते? उत्तरे तोंडी घेऊ नका, करारात लिहून घ्या.

सातबारा हातचा सोडू नका

वाचकहो, सर्वांत मोठी फसगत इथे होते. "आता शेत कोण बघणार?" म्हणून सगळी जमीन विकून त्या पैशात शहरात घर घेतले जाते. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्या माणसाला सहसा शेतजमीन विकत घेता येत नाही. शेवटचा गुंठा विकला आणि शहरात मन रमले नाही, तर परतीची वाट बंद होते. थोडी का होईना, जमीन स्वतःच्या नावे ठेवावी. वाट्याने किंवा खंडाने द्यायची, तर लेखी करून द्यावी.

मुलांच्या नावे बक्षीसपत्र करायचे असेल, तर २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह कायदा माहीत असू द्या. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येते. मात्र ही अट खतातच स्पष्ट लिहिलेली असावी. मागाहून "मी विश्वासाने दिले" असे सांगत बसण्यात वर्षे जातात. दाद प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणाकडे मागायची असते.

पहिले सहा महिने

लावलेले रोप आधी कोमेजल्यासारखे दिसते. माणसाचेही तेच होते. पहाटे चारला जाग येते आणि करायला काही नसते. धार काढायची नाही, पाण्याची पाळी नाही. खेड्यातल्या माणसाला तिथे खाण्यापिण्याची अडचण सहसा नसते. त्याला खुपते ते रिकामपण. आयुष्यभर ज्याच्या शब्दाने बैल जुंपले गेले, त्याला तिथे कुणी काही विचारीत नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे हाताला काम. गॅलरीत चार-सहा कुंड्या ठेवा. पोयट्याची माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळा. तळाला भोक हवेच. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत काढणीला येते. धने लावण्याआधी रगडून दोन फोडी करा. शेजाऱ्याला आपल्या हातची जुडी दिली, की ओळख आपोआप होते. वसाहतीच्या बागेत माळ्याबरोबर फिरा. कीड कोणती आणि पाणी कुठे जास्त होते, हे तुम्हांला त्या शहरी मंडळींपेक्षा अधिक कळते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला फुलांचे प्रदर्शन भरते, तेही चुकवू नका.

बाईमाणसांचे दुःख थोडे वेगळे. भोजनगृहातले ताट आयते येते, पण चूल हातातून गेल्याची रुखरुख राहते. निदान सकाळचा चहा आणि एक वेळची भाकरी घरीच करावी. लोणच्याची बरणी, जाते, देवघर या वस्तू जागा अडवतात म्हणून गावी टाकून जाऊ नका. तीच ती मातीची हुंडी.

आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. गावची दिंडी कुठे उतरली आहे, ते आधी विचारून ठेवा आणि जमेल तर गाठ घ्या.

गावी राहिलेल्यांनी काय करावे

ही जबाबदारी जाणाऱ्यांइतकीच तुमचीही आहे. नवी ज्वारी निघाली, की पायलीभर तरी पोचती करा. पेरणी कोणत्या वाणाची करू, विहिरीला पाणी किती आहे, असे फोनवर विचारा. सल्ला मानला नाही तरी चालेल, पण विचारा. गावची जत्रा आणि लग्नकार्य यांचे आवतण न चुकता द्या. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला आहे, तेव्हा येण्याला तिकिटाची सबब उरलेली नाही.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठी ओलांडलेले लोक १० कोटी ३८ लाख होते. पुढे ही संख्या वाढतच जाणार आणि हा प्रश्न एक दिवस तुमच्याही ओसरीवर येणार. तेव्हा आज कुणी पुण्याला निघाले, तर त्यांना नावे ठेवू नका. सामान बांधायला हात लावा, आणि त्यांची गावची खोली झाडून-पुसून तयार ठेवा.