छत्री अनुभवाच्या मापाची

आभाळवाट : लेखांक 7

मागच्या लेखात आपण विमानाच्या दारापासून छत्री उघडेपर्यंतचा मिनिटभराचा प्रवास पाहिला. त्यानंतर साहजिकच येणारा प्रश्न असा : प्रशिक्षण झाले, आता स्वतःचे पॅराशूट घ्यायचे आहे, तर कोणते घ्यावे? माझे उत्तर एका ओळीचे आहे. आपल्याला पेलेल असे वाटते त्याहून एक माप मोठे घ्यावे. कारणे मात्र एका ओळीत मावणारी नाहीत, म्हणून आजचा लेख.

पॅराशूट म्हटले की पहिली भीती असते ती ‘उघडलेच नाही तर?’ ही. गेल्या काही दशकांत साधने इतकी सुधारली आहेत की आता धोका दुसरीकडे सरकला आहे. अनुभवी उडीपटूंच्या गंभीर अपघातांत मोठा वाटा असतो तो पूर्ण उघडलेल्या, कुठलाही बिघाड नसलेल्या छत्रीखाली होणाऱ्या अपघातांचा. माणूस जमिनीजवळ आल्यावर घाईने वळण घेतो, छत्री तिरपी होऊन खाली झेपावते आणि सावरायला उंची उरत नाही. छत्री जितकी लहान, तितकी ही झेप वेगवान. म्हणून छत्रीची निवड करताना ‘उघडेल का?’ याइतकाच ‘उघडल्यावर मला आवरेल का?’ हा प्रश्न महत्त्वाचा.

आजची छत्री अशी का वागते, हे येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस गच्चीवर काढणाऱ्यांना चटकन समजेल, कारण या छत्रीचा जन्म पतंगवाल्याच्या हातूनच झाला. डॉमिना जॅल्बर्ट हा मूळचा कॅनडातल्या क्वेबेकचा, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला, पतंग आणि फुगे तयार करणारा कारागीर. 1960च्या दशकात त्याने कापडाचे दोन थर घेतले, मध्ये उभे पडदे शिवून कप्पे केले आणि कप्प्यांची पुढची तोंडे उघडी ठेवली. वारा आत शिरला की कापड फुगते आणि विमानाच्या पंखाचा आकार घेते. जुनी गोल छत्री फक्त पडण्याचा वेग कमी करते. ही चौकोनी छत्री पडता पडता पुढे उडते, हवी तशी वळते. उतरायच्या क्षणी दोन्ही हातांतल्या दोऱ्या खाली ओढल्या की तिचा वेग मरतो आणि माणूस पायांवर उभा राहतो. हा शेवटचा ओढा नेमका जमणे म्हणजेच छत्री आवरणे. तो थोडा लवकर झाला तर छत्री उंचावर थबकून खाली आदळवते आणि उशिरा झाला तर माणूस वेगातच जमिनीला भिडतो.

आता हिशेब. उडीपटूचे साधनांसह एकूण वजन पौंडांत घ्यायचे आणि त्याला छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचे. या आकड्याला विंग लोडिंग म्हणतात. समजा, तुमचे वजन 72 किलो आहे. कपडे, हेल्मेट आणि पाठीवरचा संच मिळून साधारण 11 किलो धरा. एकूण 83 किलो, म्हणजे 183 पौंड. 230 चौरस फुटांच्या छत्रीखाली तुमचे विंग लोडिंग 0.80 येते, 190च्या खाली 0.96 आणि 150च्या खाली 1.22. आकडे दिसायला जवळजवळ आहेत, जमिनीवर तसे नाहीत. 230वरून 150वर गेलात की तुमचा वेग सुमारे 24 टक्क्यांनी वाढतो आणि चूक झालीच तर आदळण्याची ऊर्जा दीडपट होते. घोटा मुरगळणे आणि मांडीचे हाड मोडणे यांत बऱ्याचदा एवढेच अंतर असते.

प्रशिक्षणात 230 ते 280 चौरस फुटांच्या, कधी त्याहूनही मोठ्या छत्र्या देतात त्या म्हणूनच. अमेरिकेच्या पद्धतीत ‘ए’ परवान्यासाठी किमान 25 उड्या लागतात, ‘बी’साठी 50, ‘सी’साठी 200 आणि ‘डी’साठी 500. पहिल्या दोन टप्प्यांत विंग लोडिंग 1.0च्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रशिक्षकांमध्ये आणखी एक ठोकताळा चालतो : 100 उड्या होईतो 1.0 आणि पुढे दर 100 उड्यांमागे फार तर 0.1ची वाढ. ही कमाल मर्यादा आहे. तिथपर्यंत पोचलेच पाहिजे, असे कुणी सांगितलेले नाही.

हलक्या वजनाच्या माणसांनी, विशेषतः मुलींनी, हा हिशेब आणखी जपून करावा. 50 किलोच्या मुलीचे साधनांसह वजन होते 61 किलो, म्हणजे 135 पौंड. 1.0चा नियम लावला तर तिला 135 चौरस फुटांची छत्री चालायला हवी. पण लहान छत्रीच्या दोऱ्याही आखूड असतात. त्यामुळे विंग लोडिंग तेच असूनही ती मोठ्या छत्रीपेक्षा झटकन वळते आणि वळताना पटकन उंची गमावते. अशा मुलीने सुरुवातीला 170च्या आसपास राहणे शहाणपणाचे.

माप उतरवायचे ते एका वेळी एकच पायरी : 230वरून 210, मग 190, मग 170. पुढची पायरी घेण्याआधी सध्याच्या छत्रीवर काही गोष्टी सहज जमायला हव्यात. वारा असताना आणि पडलेला असतानाही पायांवर उतरता आले पाहिजे. वारा आडवा आला तरी दिशा न सोडता उतरता आले पाहिजे. अडथळा आयत्या वेळी दिसला तर उंची न गमावता, छत्री फारशी न झुकवता वळता आले पाहिजे. आणि ठरवलेल्या जागेजवळ एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा उतरता आले पाहिजे. यातले एकही अजून नशिबावर अवलंबून असेल तर पायरी तिथेच थांबवावी.

नाशिककरांसाठी इथे एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. नाशिकमधून पहिल्या उडीसाठी बहुधा बाहेरगावीच जावे लागते : उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवर भरलेला स्कायडायव्हिंगचा महोत्सव, हरियाणातले नारनौल किंवा परदेशात थायलंड, दुबई, स्पेन. यांपैकी समुद्रकाठच्या ठिकाणी शिकलेला माणूस जाड हवेत शिकलेला असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा 38 अंशांवर गेला की इथली हवा, साधारण तापमानाला 5,000 फुटांवर असते तितकी विरळ होते. विरळ हवेत तीच छत्री, तेच वजन, पण समुद्रसपाटीवरच्या साधारण हवेपेक्षा जमीन सुमारे 8 टक्के जास्त वेगाने अंगावर येते. हातांना काही फरक जाणवत नाही, फरक कळतो तो जमिनीलगत. थायलंडमधल्या पट्टायाला जेमतेम आवरणारी छत्री देशावरच्या उन्हाळ्यात आवरेलच असे नाही.

हा फरक किती ताणला जाऊ शकतो, ते पुण्याच्या शीतल महाजन यांच्या वाटचालीत दिसते. 18 एप्रिल 2004 रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर 2,400 फुटांवरून, उणे 37 अंश तापमानात हेलिकॉप्टरमधून उडी घेतली आणि ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती. डिसेंबर 2006मध्ये दक्षिण ध्रुवावर 11,600 फुटांवरून, फेब्रुवारी 2018मध्ये पट्टायाजवळ 13,000 फुटांवरून नऊवारी नेसून, आणि नोव्हेंबर 2023मध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून. 2011मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एव्हरेस्टच्या त्या मोहिमेत उतरण्याची एक जागा होती स्यांगबोचेची धावपट्टी, उंची 12,000 फुटांच्या वर. तिथे उतरण्याचा वेग समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्याने वाढतो. त्यांची पहिली उडी डोळे दिपवणारी आहे, पण कित्ता गिरवायचा तो त्यानंतरच्या जवळपास दोन दशकांच्या मेहनतीचा.

नऊवारीच्या उडीतही साधनांचा एक धडा आहे. लुगडे आधी आणि त्यावर छत्रीचा संच, हेल्मेट, गॉगल, बूट असा तो क्रम होता. मुख्य छत्री उघडण्याची मूठ पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी, उजव्या कडेला असते. ताशी 190 ते 200 किलोमीटरच्या वेगाने पडताना हात तिथे न बघता जायला हवा. छातीच्या उजव्या बाजूची मूठ बिघडलेली मुख्य छत्री सोडून देण्यासाठी, डाव्या बाजूची रिझर्व्ह म्हणजे राखीव छत्री उघडण्यासाठी. पदर असो, सैल जाकीट असो की कॅमेऱ्याचा पट्टा, या तीन मुठींवर काहीही येता कामा नये. हार्नेस, म्हणजे संच अंगाला बांधणारे पट्टे, अंगाला बेतलेले हवे ते याचसाठी. सैल हार्नेस हवेत सरकले की मुठीही आपल्या जागा सोडतात.

मुख्य छत्री सोडण्याची युक्ती एकदा हातात घेऊन जरूर पाहा. खांद्यापाशी तीन कड्या एकमेकींत ओवलेल्या असतात. मोठी हार्नेसवर, मधली आणि धाकटी छत्रीच्या पट्ट्यावर. धाकट्या कडीला अडवून धरतो तो दोरीचा एक छोटा फासा आणि त्या फाशातून गेलेली पिवळी केबल. माणसाचे सगळे वजन मोठ्या कडीवर येते. प्रत्येक कडीपाशी त्याचा थोडासाच हिस्सा पुढे जातो. फाशापर्यंत इतका कमी भार पोचतो की मूठ ओढून केबल सरकवली की तिन्ही कड्या सुटतात. बिल बूथ या अमेरिकन कारागिराने 1970च्या दशकात ही रचना केली. तिचे पट्टे कडक होऊ नयेत म्हणून ते ठरावीक काळाने उलगडून हाताने वाकवून मऊ करावे लागतात. संच विकत घेताना विक्रेत्याला हे करून दाखवायला सांगा. ज्याला जमत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

रिझर्व्ह घेताना बहुतेकांची चूक होते. पिशवी आटोपशीर दिसावी म्हणून ते लहान रिझर्व्ह घेतात. पण रिझर्व्ह कधी लागते? मुख्य छत्री बिघडल्यावर, उंची कमी उरल्यावर, कदाचित माणूस बेशुद्ध असताना. बेशुद्ध माणूस शेवटचा ओढा देऊ शकत नाही. छत्री जशी येईल तशी त्याला जमिनीवर ठेवते. म्हणून रिझर्व्हचे माप आधी ठरवावे, ते ऐसपैस असावे आणि मग त्याला जुळेल अशी पिशवी व मुख्य छत्री घ्यावी.

बेशुद्ध माणसाची रिझर्व्ह उघडते ते यंत्र म्हणजे एएडी. जर्मनीच्या हेल्मुट क्लॉथ यांचे सायप्रेस हे यंत्र 1991मध्ये बाजारात आले आणि असंख्य प्राण वाचवून गेले. त्याच्या नेहमीच्या प्रकारात, माणूस सुमारे 750 फुटांवरही सेकंदाला 35 मीटर किंवा जास्त वेगाने पडत असेल तर ते रिझर्व्हचा फासा कापते. ही उंची ते जिथे सुरू केले त्या जमिनीपासून मोजते. समजा विमान ओझरहून उडाले आणि उतरायचे ठिकाण त्र्यंबकच्या बाजूला तीन-चारशे फूट उंच असले, तर 750 फुटांतले तेवढे फूट आधीच खर्ची पडलेले असतात. अशा वेळी यंत्रात दोन्ही जागांच्या उंचीतला फरक आधी भरून ठेवावा लागतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

नवा पूर्ण संच काही लाख रुपयांना पडतो, त्यामुळे पहिला संच बहुधा वापरलेलाच घेतला जातो. त्यात कमीपणा नाही. उलट, पहिल्या दोनेकशे उड्यांत मापे बदलणार असतात, तेव्हा जुना घेणेच बरे. फक्त चार गोष्टी तपासाव्यात. छत्रीच्या किती उड्या झाल्या. दोऱ्या किती झिजल्या आहेत आणि दोन्ही बाजूंना सारख्या लांबीच्या आहेत का, कारण स्पेक्ट्रा जातीच्या दोऱ्या उघडताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने आकसतात आणि छत्री एका बाजूला ओढू लागते. रिझर्व्ह शेवटची कधी बांधली, कारण अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ती न वापरताही दर 180 दिवसांनी अधिकृत रिगरकडून, म्हणजे छत्री तपासून बांधणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून, उघडून पुन्हा बांधावी लागते. आणि एएडीचे आयुष्य किती उरले आहे. पैसे देण्याआधी संच रिगरला दाखवा. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे की पॅराग्लायडर वेगळा आणि ही छत्री वेगळी. पॅराग्लायडर जमिनीवरच फुगवून उडायचा असतो, ताशी 200 किलोमीटरच्या वेगात उघडण्यासाठी तो शिवलेलाच नसतो.

खरेदीचा क्रमही सावकाश असावा. आधी उंचीमापक, हेल्मेट, गॉगल आणि अंगाला बेतलेला सूट. ही साधने कुठल्याही छत्रीबरोबर चालतात. तोवर केंद्राची छत्री भाड्याने वापरावी, दर उतरण्याची नोंद लॉगबुकात करावी आणि प्रशिक्षकाला ती वाचायला द्यावी. कुठल्या मापाला हात सरावला आहे, हे तुमच्या उत्साहापेक्षा ती वही अधिक खरे सांगते. मैदानावर कुणी तुमच्या मोठ्या छत्रीला हसले तर हसू द्या. उडीपटूचा मान त्याच्या छत्रीच्या मापावरून ठरत नाही. तो ठरतो दर वेळी आपल्या पायांवर उतरून पुढच्या विमानात बसण्यावरून.

पुढच्या लेखात : छत्रीची घडी कशी घालतात आणि उघडण्याचा हिसका घडीतच कसा ठरतो.