माळ्यावरची भातुकली

आपल्याकडे बाहुलीचे घर अशी वेगळी वस्तू फारशी नव्हती. होती ती भातुकली. युरोपातील सधन कुटुंबांत भिंती, छप्पर, जिने आणि खिडक्या यांसह छोटेखानी घरे घडविली जात. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२४ मध्ये पूर्ण झालेले असे एक घर आजही विंडसरच्या किल्ल्यात पाहावयास मिळते. त्यातील नळांना खरे पाणी येते, आणि त्याचा आराखडा केला होता नव्या दिल्लीची रचना करणाऱ्या एडविन ल्युटेन्स यांनी. आपल्या आज्या-पणज्यांनी भिंतींचा हा खटाटोप कधी केला नाही. ओसरीचा एक कोपरा धरून खडूची रेघ ओढली, की घर झाले. खरी श्रीमंती होती ती आतल्या संसाराची. हंडा, कळशी, परात, पोळपाट-लाटणे, पळ्या, झारा, सोऱ्या, चिमटा, पाणी तापविण्याचा बंब, उखळ-मुसळ आणि खानदेशात ज्याला घरोट म्हणतात ते चिमुकले जाते.

पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांनी तांब्या-पितळेची आणि सावंतवाडीच्या कारागिरांनी रंगीत लाकडाची अशी खेळणी पिढ्यान्‌पिढ्या घडविली. पुण्याचे विलास करंदीकर यांनी भातुकलीच्या भांड्यांचा फार मोठा संग्रह केला असून त्याची प्रदर्शनेही ते भरवीत आले आहेत. दिनकर केळकर यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीला वाहिलेल्या पुण्यातील संग्रहालयात जुन्या स्वयंपाकघरातील वस्तू ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या छोट्या भांड्यांचे मोठे भाऊबंद तेथे भेटले असतील.

परंतु बहुतेक घरांतील भातुकली संग्रहालयात जात नाही. सावदा, फैजपूर, चिनावल या आमच्या पट्ट्यात जुनी धाब्याची घरे पाडून स्लॅबची घरे बांधली जात आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते, कोणीतरी झाकण उघडते, काळवंडलेली भांडी पाहून नाक मुरडते आणि पेटी वजनावर मोडीत जाते. ज्या घरात आजी किंवा आजोबा आहेत, त्या घराने तरी ही घाई करू नये, असे मला एक डॉक्टर म्हणून सांगावयाचे आहे.

वृद्धांची मनापासून सेवा करणाऱ्या घरांत एक वाक्य फार प्रेमाने उच्चारले जाते : ‘आता तुम्ही फक्त बसा.’ भाजी निवडणे जाते, ताक घुसळणे जाते, देवघरातील वात करणेही सुनेच्या किंवा बाईच्या हाती जाते. काही वर्षांनी त्या माणसाला घरात एवढेच विचारले जाते : गोळी घेतली का, जेवण झाले का, पोट साफ झाले का. ज्या स्त्रीच्या शब्दावाचून एकेकाळी घरात पानही हलत नसे, तिला आपले मत कोणी विचारीत नाही. उदासी, दिवसा डुलकी आणि रात्री जागरण, भूक मंदावणे, चिडचिड या तक्रारी घेऊन अशी माणसे दवाखान्यात येतात. त्यामागे थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य असू शकते आणि ते तपासलेच पाहिजे. पण सर्व तपासण्या ठीक आल्यानंतरही काही शिल्लक राहते, आणि त्यावर माझ्या कपाटात गोळी नाही.

माझ्या पाहण्यातील एका घराची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ऐंशी ओलांडलेल्या या आजींना स्मृतिभ्रंश आहे. दुपार कलली की त्या ‘मला घरी जायचे आहे’ असा धोशा लावीत आणि दाराकडे निघत. सूनबाई दिवसभराच्या कामाने आणि या एका वाक्याने पार थकून गेल्या होत्या. सुट्टीत आलेल्या नातीने माळ्यावरची भातुकली खाली काढली. चुलीचा एक कान मोडलेला, बंबाची तोटी बेपत्ता, लाकडी पोळपाटाला कीड लागलेली. नातीने भांडी पुसून जमेल तशी मांडली आणि आजींनी बसल्या जागेवरून दटावले, ‘घरोट असे चुलीला खेटून ठेवतात का कुठे? पिठावर ठिणगी पडेल.’ त्या दिवशी सकाळी काय खाल्ले हे त्यांना सांगता येत नव्हते. घरोट कोठे असावे, हे मात्र पक्के ठाऊक होते.

यात चमत्कार काही नाही. स्मृती ही एकच कोठी नसते. कालपरवाच्या घटनांची स्मृती अल्झायमरच्या आजारात आधी ढासळते. हातांना अंगवळणी पडलेली कामे, म्हणजे लाटणे, दळणे, घासणे, घडी घालणे, यांची स्मृती मेंदूच्या वेगळ्या भागांत असते आणि ती पुष्कळ काळ तग धरते. बालपणीच्या आठवणीही तुलनेने उशिरा पुसल्या जातात. वृद्ध माणूस जुन्या गोष्टी उगाळतो तेव्हा तो वेळ वाया घालवीत नसतो, तर आयुष्याचा हिशेब मांडीत असतो, असे अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये लिहिले. त्यानंतर जुन्या वस्तू, छायाचित्रे, गाणी यांच्या साहाय्याने आठवणी जागविण्याची पद्धत जगभर रुजली.

तिच्याकडून अपेक्षा किती ठेवावी? या पद्धतीच्या अभ्यासांचा जो कॉक्रेन आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लाभ दिसले खरे, पण ते लहान होते आणि सर्वत्र सारखे नव्हते. भातुकलीने स्मृतिभ्रंश बरा होत नाही, त्याची वाटचाल थांबते असाही पुरावा नाही. आमच्या आजींचीही स्मरणशक्ती तपासणीत पूर्वीइतकीच भरली. फरक पडला तो दुपारी चार ते पाच या वेळेत. ‘घरी जायचे’ हा धोशा बहुतेक दिवशी मागे पडला आणि सूनबाईंना एक तास निवांत चहा मिळू लागला. काळजी घेणाऱ्या व्यक्तीचा एक तास हा वैद्यकात मोजला जात नाही. तो मोजला पाहिजे असे माझे मत आहे.

यात एकच पथ्य महत्त्वाचे. ‘हे काय आहे, आठवते का?’ असा प्रश्न विचारू नये. तो परीक्षेचा प्रश्न आहे आणि उत्तर आले नाही की माणूस खजील होतो. त्याऐवजी ‘आजी, हे कोठे ठेवू?’ किंवा ‘ही तोटी डावीकडे असते की उजवीकडे?’ असे विचारावे. त्यांचे उत्तर चुकीचे वाटले तरी तसेच ठेवावे. घर त्यांचे आहे. एखाद्या भांड्याबरोबर वाईट आठवण वर येते, लहानपणी गेलेली बहीण, जळालेले घर. डोळ्यांत पाणी आले तर जवळ बसावे, हात धरावा, विषय लगेच बदलू नये. पण अस्वस्थता वाढू लागली तर ती वस्तू त्या दिवसापुरती बाजूला ठेवावी. आणि आजोबांना यातून वगळू नये. चुलीचा मोडका कान बसविणे, पाटाला पाय लावणे यात त्यांचे हात अनेकदा आजींपेक्षा अधिक रमतात.

दुरुस्ती

पितळ आणि तांबे चिंचेच्या कोळाने किंवा लिंबू-मिठाने उजळते, हे सांगावयास डॉक्टर नको. मात्र आंबट पदार्थ तासन्‌तास लावून ठेवू नये, धातू खाल्ला जातो. लगेच धुऊन कोरडे पुसावे. सांध्याकोपऱ्यांत साचलेला हिरवा थर तांब्याचे क्षार असतात. ते पोटात जाता कामा नयेत. हातमोजे घालावेत, तो थर ओला करूनच मऊ ब्रशने काढावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत. भांडे आरशासारखे चकाकलेच पाहिजे असा हट्ट नको. थोडे काळवंडलेले भांडेच आजींना ओळखीचे वाटते.

कल्हई घरी करू नये. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकताच उठणारा धूर श्वासनलिकेला झोंबतो आणि दम्याच्या रुग्णाला महाग पडू शकतो. कल्हईवाला मिळाला तर उत्तम. काम चालू असताना आजी-आजोबांना वाऱ्याच्या उलट बाजूस, दूर बसवावे. जुन्या भांड्यांच्या डागात आणि हलक्या कथलातही शिसे असू शकते. म्हणून या भांड्यांत नातवंडांना खरा खाऊ देऊ नये. त्यांचा आग्रह असतोच, आणि भातुकलीत लटका स्वयंपाक कोणाला आवडतो? गूळ, शेंगदाणे, चुरमुरे यांसाठी स्टीलच्या दोन नव्या वाट्या त्यात मिसळून द्याव्यात.

लाकडी वस्तूंचा जुना रंग ही खरी काळजीची बाब आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांश ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. असा रंग कोरड्या सॅण्डपेपरने घासू नये, त्याची धूळ नाकातोंडात जाते. ओल्या फडक्याने पुसून तसाच ठेवावा. रंग न दिलेल्या लाकडाला जवसाचे तेल चांगले. पण तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, आणि आमच्याकडच्या वैशाखात तर ही भीती अधिक. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. डिंकापैकी पांढरा फेव्हिकॉल बरा. क्षणात चिकटणारा डिंक थरथरत्या हातात नको.

काम टेबलाशी, पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसून आणि कोपरे टेकवून करावे. कोपर टेकले की हाताची थरथर निम्मी वाटते. वयाबरोबर डोळ्याला अधिक उजेड लागतो, म्हणून खिडकीचा प्रकाश बाजूने यावा आणि पितळेखाली पांढरे कापड अंथरावे. संधिवात असल्यास बारीक ब्रशच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करावा. अर्धा तास पुरे. उठताना आधी क्षणभर काठाशी बसून राहावे, कारण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर भोवळ येते.

या कामात घरच्यांना आणखी एक गोष्ट दिसते : हातांत झालेला बदल. काम करताना थरथरणारा आणि मांडीवर निवांत असताना थरथरणारा हात, यांची कारणे वेगळी असू शकतात. दुसऱ्या प्रकारात पार्किन्सनचा विचार करावा लागतो. डॉक्टरांना हे नेमके सांगितले तर निदानाला मदत होते. आणि काल नीट धरलेली वाटी आज एकाएकी एका हातातून निसटू लागली, तोंड वाकडे दिसले किंवा शब्द अडखळले, तर मालिश करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि सावद्यासारख्या गावातून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यातच त्यातील बराच वेळ जातो.

मांडणी

भातुकलीला घर द्यावयाचे असेल तर सुताराकडे जाण्याची गरज नाही. केळी भरण्याचा जाड पुठ्ठ्याचा खोका आमच्याकडे कोठेही मिळतो. तो आडवा ठेवून मध्ये दोन खांब उभे केले की खणांचे घर तयार होते. भिंतीला पिवळसर मातीचा हात, जमिनीला गेरू, आणि वर काटक्यांच्या तुळया. प्रमाणाची चिंता करू नये. विलायती बाहुलीघरांत फुटाला एक इंच असे माप काटेकोर पाळतात. आपल्या भातुकलीत मात्र तांब्या कधी हंड्याच्या निम्म्याएवढा असतो, आणि खेळणाऱ्या मुलींचे त्यावाचून काही अडले नाही.

दिवा लावावयाचा मोह होतो. चपट्या बटणासारखे सेल असलेले दिवे मात्र घरात आणू नयेत. असा सेल लहान मुलाने किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर भाजणूक होते. संशय आला तरी उलटी न करविता थेट रुग्णालय गाठावे. मणी, खिळे, सुटे झाकण यांचेही तसेच. तीन वर्षांखालील मूल आणि तोंडात वस्तू घालणारी वृद्ध व्यक्ती यांच्यासमोर मोठीच भांडी ठेवावीत.

आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा हे घर मांडण्यास चांगला मुहूर्त. झोके बांधले जातात, खापरावरचे मांडे होतात, आणि तीन पिढ्या एका जागी सापडतात. एक वही जवळ ठेवावी. प्रत्येक भांड्याचे नाव आजी ज्या शब्दात सांगतील त्याच शब्दात, आमच्या बोलीसह, लिहून घ्यावे. शुद्ध करू नये. भांडी परत ठेवताना पूर्ण कोरडी करून सुती कापडात गुंडाळावीत आणि पेटी माळ्यावर न चढविता आजींच्या हाताला लागेल अशी ठेवावी. घरोटाचा खुंटा बहुधा हरवलेला असतो. बाभळीची काटकी तासून नवा बसविता येतो. तो घट्ट बसला की जाते फिरते.