होल्डर हातात येण्याआधी

वाशीम जिल्ह्यातल्या वेल्डिंगच्या दुकानांचं वर्ष शेतीच्या वर्षामागे चालतं. मृगाआधी कल्टिव्हेटरचे फाळ, पेरणीयंत्रांचे दाते आणि ट्रॉलीचे फाळके दुरुस्तीला येतात. सोयाबीन निघायच्या वेळी मळणीयंत्रांची घाई असते. माल विकून पैसा हातात आला की घरांची कामं निघतात: गेट, खिडक्यांच्या ग्रिल, जिन्याचे कठडे, टिनाचे शेड. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. इथे मोठे कारखाने मोजकेच आहेत. त्यामुळे लोखंडाचं काम शिकू पाहणाऱ्या पोराची पहिली शाळा बहुधा रस्त्याकडेचं दुकानच असतं.

या शाळेत वेल्डिंग शेवटी शिकवतात. नव्या पोराच्या वाट्याला आधी झाडलोट येते. मग अँगल वाहून आणणं, गंज घासणं, रेडऑक्साइड मारणं. हे करता करता त्याला माल ओळखता येऊ लागतो: पट्टी कोणती, चॅनेल कोणता, किती गेजचा पत्रा. त्यानंतर हातात टेप आणि गुण्या येतो, आणि खरं शिक्षण तिथून सुरू होतं.

चार बाय चार फुटांच्या खिडकीच्या चौकटीला १६ फूट अँगल लागतो. बाजारातली लांबी साधारण २० फूट असते. उरलेले ४ फूट कुठे बसवायचे, हे कापण्याआधी ठरवावं लागतं. नाही तर मालकाचा नफा भंगारात जातो. ग्रिलचा हिशेब अनेकदा किलोवर होतो, म्हणून वजनही तोंडी काढता आलं पाहिजे. गोल सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि १६२ने भागायचं, की एका मीटरचं वजन मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरते. शाळेत गणिताला कंटाळलेला मुलगा इथे वर्ग आणि भागाकार बिनबोभाट करतो, कारण चूक झाली तर ती गिऱ्हाइकासमोर काट्यावर दिसते.

मग जुळणी. ३ फूट बाय ४ फुटांची चौकट काटकोनात असेल तर तिचा कर्ण बरोबर ५ फूट भरतो. मिस्त्री चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके मारतो, दोन्ही कर्ण मोजतो, फरक असला तर हातोड्याने सरकवतो आणि मगच पक्कं वेल्डिंग करतो. तेही एकाच कडेने सलग नाही. एक कोपरा झाला की त्याच्या समोरचा घ्यायचा. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि चौकटीला आपल्याकडे ओढतं. ओढ दोन्ही बाजूंनी सारखी पडली तरच चौकट सरळ राहते. लागत नसलेल्या गेटचा दोष बहुतेकदा बिजागरीत नसतो, या टाक्यांत असतो.

रॉड धरायचा होल्डर मिळतो तो भंगाराच्या पट्टीवर सरावासाठी. बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड आणि साधारण ६० ते ९० अँपिअर करंट. पहिले काही दिवस रॉड नुसता चिकटतो. टोक काडी ओढल्यासारखं घासून लगेच थोडं उचलायचं आणि रॉडच्या जाडीइतकंच अंतर शेवटपर्यंत राखायचं, हे हाताला कळायला वेळ लागतो. रॉड वितळून आखूड होत जातो, त्यामुळे हात पुढेही सरकला पाहिजे आणि खालीही उतरला पाहिजे. अंतर जमलं की आवाज एकसारखा येतो, वाढलं की फटफट होऊन ठिणग्या उडतात. जुना मिस्त्री पाठमोरा उभा राहूनही पोराची चूक ओळखतो ती या आवाजावरून. शेवटी चिपिंग हातोडीने स्लॅग उडवायचा. खाली भोकं दिसली तर ग्राइंडर मारून पुन्हा.

सगळ्यात जास्त त्रास मात्र होल्डर धरणाऱ्याला होत नाही, तुकडा धरून बसलेल्या पोराला होतो. मिस्त्रीच्या तोंडापुढे काच असते, पोर नुसतं मान वळवतं. "तिकडं पाह्य, डोये जातीन," एवढंच त्याचं संरक्षण. वेल्डिंगच्या आर्कमधले अतिनील किरण डोळ्यांचा वरचा पडदा भाजतात आणि काही तासांनी, रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. बटाट्याचे काप ठेवून हे भागत नाही. डॉक्टरकडे जावं लागतं. साधा काळा गॉगल पुरत नाही, दहा-अकरा नंबरची वेल्डिंगची काच लागते. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाचा धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आणि रिकाम्या डिझेलच्या ड्रमला रॉड लावणं म्हणजे स्फोटाला बोलावणं, कारण आत वाफ राहिलेली असते.

इतकं शिकूनही कागदावर काहीच उमटत नाही, ही या शाळेची मोठी उणीव. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात धोक्याच्या कामासाठी वय १८ हवं. २०१९च्या नियमांनुसार किमान चार कामगार असलेली आस्थापनाच उमेदवार घेऊ शकते. तीस किंवा अधिक कामगार असतील तर घेणं बंधनकारक आहे. मिस्त्री आणि दोन पोरं एवढ्यावर चालणारं दुकान या चौकटीबाहेर राहतं. चार वर्षं गेट बनवलेला मुलगा चाकणला किंवा वाळूजला गेला की हात दाखवण्याआधी त्याला प्रमाणपत्र विचारलं जातं. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा आहे आणि त्याला आठवी उत्तीर्ण पुरते. आर्कसोबत गॅस, सीओटू, टिग अशा दुकानात सहसा न भेटणाऱ्या पद्धती तिथे भेटतात, आणि पुढे मोठ्या कारखान्यात रीतसर अप्रेंटिस होता येतं.

दुकान हात देतं, आयटीआय कारण आणि कागद देते. यातलं एकच घेतलं तर मुलगा अर्धा राहतो. म्हणून आईवडिलांना सांगणं एवढंच: पोराला लोखंडाच्या कामाला लावायचं असेल तर आधी आयटीआयचा अर्ज भरा, सुटीत दुकानात पाठवा, आणि पगार किती हे विचारण्याआधी मालकाला विचारा, तुकडा धरणाऱ्यालाही काच मिळणार का?