सैंधव आण! कमांड लाइनवरचा संदर्भ आणि डायरएन्व्ह

आपल्या शास्त्रकारांचं एक जुनं उदाहरण आहे, 'सैंधवम् आनय'. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशाचा घोडाही. मालक जेवायला बसला असेल तर मीठ आणायचं, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. वाक्य तेच, अर्थ प्रसंग ठरवतो. हे आम्ही वर्गात तीसेक वर्षं शिकवलं; अंगाशी आलं ते निवृत्तीनंतर.

आम्ही काही मंडळी पारिभाषिक शब्दांची सूची संगणकावर करत होतो. डेटाबेस दोन, एक सरावाचा आणि एक खरा. एका संध्याकाळी सरावाचा रिकामा करायचा हुकूम दिला आणि खरा रिकामा झाला. बॅकअप होता, पण तीन आठवडे जुना. हुकुमात चूक नव्हती हो! डेटाबेसचा पत्ता ज्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये होता, तिथे सकाळचा पत्ता तसाच राहिला होता.

ही व्हेरिएबल्स म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्या. १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ती आहेत. एक प्रोग्राम दुसरा सुरू करतो तेव्हा त्याला या जोड्यांची प्रत देतो. मुलाने आपल्या प्रतीत काहीही खोडलं तरी बापाची वही तशीच राहते.

मग प्रश्न येतो. डायरएन्व्ह हाही वेगळाच प्रोग्राम; तो शेलची वही कशी बदलतो? बदलतच नाही. शेल प्रत्येक प्रॉम्प्ट दाखवण्याआधी त्याला विचारतं. तो चालू फोल्डरमध्ये 'डॉट एन्व्हआरसी' नावाची फाइल शोधतो, नसेल तर वरच्या फोल्डरांत. सर्वांत जवळची सापडेल तेवढी मानतो. ती वेगळ्या बॅशमध्ये चालवतो, आधीच्या आणि नंतरच्या जोड्या ताडून पाहतो आणि फरक तेवढा शेलच्या हाती देतो. लिहितं शेल स्वतःच. फोल्डरबाहेर पडलात की जुन्या किमती परत. म्हणूनच त्या फाइलीतले अलियस शेलमध्ये येत नाहीत, व्हेरिएबल्स तेवढी येतात.

आम्हाला आवडली ती त्याची 'अलाउ' ही आज्ञा. ही फाइल म्हणजे चालणारा कोड. दुसऱ्याच्या प्रकल्पातून आलेली असू शकते. आपण 'अलाउ' म्हणेपर्यंत डायरएन्व्ह तिला हात लावत नाही, आणि मजकुरात एक अक्षर बदललं तरी पुन्हा अडून बसतो. परवानगी माणसाला नव्हे, मजकुराला! आमच्या काही समित्यांना हे जमलं नाही.

पासवर्डची फाइल मात्र गिटमध्ये घालू नका. आधीच चालू असलेल्या प्रोग्रामकडे जुनीच प्रत राहते, हेही विसरू नका. आणि फाइलीतच चुकीचा पत्ता लिहिलात तर डायरएन्व्ह तो इमानेइतबारे पुरवील.

आता आमच्याकडे फाइल फक्त सरावाच्या फोल्डरमध्ये असते. खऱ्याचा पत्ता दर वेळी हाताने टाइप करतो, चष्मा लावून.