एवढासा 'से'

आई बाळाला आंघोळ घालते. आई आंघोळ करते. या दोन वाक्यांत मराठी माणसाचा कधी गोंधळ होतो का? छे! 'घालते' म्हटलं की आंघोळ दुसऱ्याची, 'करते' म्हटलं की स्वतःची.

स्पॅनिश बोलणारी मुलं हाच फरक कसा दाखवतात, ठाऊक आहे? क्रियापद तेच ठेवतात नि त्याच्या आधी एक एवढासा शब्द लावतात. 'ला मामा बान्या आल निन्यो' म्हणजे आई बाळाला आंघोळ घालते. 'ला मामा से बान्या' म्हणजे आई आंघोळ करते. मधला तो 'से' पाहिलात? तो गाळलात की ऐकणारा लगेच विचारणार, "पण आंघोळ घालते कुणाला?"

स्पेनपासून मेक्सिको, पेरू, अर्जेंटिनापर्यंत वीसेक देशांत चालणारी ही भाषा. तिच्यात अशी क्रियापदं ढिगाने आहेत आणि सकाळी डोळे उघडल्यापासून ती लागतातच. कर्त्याने केलेली क्रिया कर्त्याकडेच परत येते, म्हणून त्यांना आत्मवाचक क्रियापदं म्हणायचं. शब्दकोशात ती शेपटीसकट सापडतात : 'बान्यार' म्हणजे आंघोळ घालणे, 'बान्यार्से' म्हणजे आंघोळ करणे. बोलताना मात्र शेपटी सुटून पुढे येते आणि कर्त्याप्रमाणे बदलते. मी असेन तर 'मे', तू असशील तर 'ते', आम्ही असू तर 'नोस'. तो, ती, ते यांना 'से'. मित्रांच्या घोळक्याला 'तुम्ही' म्हणताना स्पेनमध्ये 'ओस' म्हणतात, पण मेक्सिकोत तिथेही 'से'च. आज्ञा करताना हीच शेपटी पुन्हा मागे जाऊन चिकटते. "लेबान्ताते!" म्हणजे "ऊठ!" हे वाक्य तिकडच्या मुलांनाही रोज सकाळी ऐकावं लागतं, बरं का!

आता खरी गंमत. शाळेत आपण प्रयोजक क्रियापदं शिकतो. उठणेपासून उठवणे, बसणेपासून बसवणे. म्हणजे मराठीत आधी स्वतः उठायचं, मग 'व' जोडून दुसऱ्याला उठवायचं. स्पॅनिशची गाडी नेमकी उलट्या दिशेने धावते. तिथे 'लेबान्तार' म्हणजे उचलणे किंवा उठवणे हे मूळ, आणि त्याला 'से' जोडला की 'लेबान्तार्से', म्हणजे उठणे. 'सेन्तार' बसवणे, 'सेन्तार्से' बसणे. 'देस्पेर्तार' जागं करणे, 'देस्पेर्तार्से' जागं होणे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मं काम झालं. स्पॅनिश माणूस जणू स्वतःलाच हलवून जागं करतो, स्वतःलाच उचलून उभं करतो नि स्वतःलाच खुर्चीत बसवतो!

म्हणूनच 'मे' विसरला की घोटाळा होतो. तास रटाळ चाललाय, कंटाळा आलाय, तर म्हणायचं "मे आबुर्रो". घाईत नुसतं "आबुर्रो" म्हणालात, तर अर्थ होतो, "मी लोकांना कंटाळा आणतो"! नाव सांगतानाही तेच. 'यामार' म्हणजे बोलावणे, हाक मारणे. "मे यामो नेहा" म्हणजे "मी स्वतःला नेहा म्हणते", अर्थात माझं नाव नेहा. 'मे' गाळला तर समोरच्याला वाटणार, ही कुणा नेहाला हाक मारतेय.

एका बाबतीत मात्र आपल्याला आयतीच सवलत आहे. इंग्रजीत 'माझे हात' धुवावे लागतात. मराठीत आपण नुसतं 'हात धुतो' म्हणतो. माझे नाहीत तर काय शेजाऱ्याचे? स्पॅनिशलाही हेच वाटतं. "मे लाबो लास मानोस." यात 'माझे' कुठेच नाही. 'मे' आला, म्हणजे हात कुणाचे ते कळलंच.

कधीकधी हा 'से' क्रियापदाची छटाच बदलून टाकतो. 'दोर्मीर' म्हणजे झोपणे, 'दोर्मीर्से' म्हणजे झोप लागणे. 'ईर' म्हणजे जाणे, 'ईर्से' म्हणजे निघून जाणे. 'कोमेर' म्हणजे खाणे, आणि 'कोमेर्से' म्हणजे खाऊन टाकणे, सगळं फस्त करणे! 'लागणे', 'टाकणे', 'निघून' हे आपले शब्द जे काम करतात, ते तिथे हे एवढंसं अक्षर करतं. असे शब्द घोकून येत नाहीत, गोष्टी ऐकता-वाचताना अंगवळणी पडतात.

आणि हा 'से' आपल्याला अगदीच परका नाही. तो आला लॅटिन भाषेतून. लॅटिनचा 'से' आणि संस्कृतचा 'स्व' यांचं मूळ एकच आहे, असं भाषातज्ज्ञ सांगतात. म्हणजे आपल्या 'स्वतः', 'स्वभाव' आणि 'स्वयंपाक'मधला 'स्व' हा या 'से'चा लांबचा भाऊच म्हणायचा.

आता एक शेवटचा प्रसंग. तुमच्या हातून काचेचा पेला फुटलाय. आई विचारते, "काय झालं?" स्पॅनिशमध्ये "रोम्पी एल बासो" म्हणालात, तर तो सरळ कबुलीजबाब झाला : "मी पेला फोडला." पण तिथली मुलं बहुधा म्हणतात, "से मे रोम्पियो एल बासो." यात 'से' पेल्याचा आणि 'मे' माझा. म्हणून पेल्याने स्वतःला फोडून घेतलं असं काही कुणी समजत नाही. आपण म्हणतो ना, "आई, माझ्या हातून पेला फुटला," अगदी तसंच!